दिवेलागणीच्या आधी थोडा वेळ भिंतीशी

ऐक गं, आज भाजी न्यायला आलेली नाही, तुझ्याशी बोलायला आलेय. गिऱ्हाईक आलं तर त्याला दे, मी थांबते. पण बोलणं अर्धवट सोडायचं नाही.

परवा कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तू सहज म्हणालीस, की सकाळी सैल असलेली जोडवी संध्याकाळी बोटांत रुततात, चपलेच्या पट्ट्याचा वळ रात्रीपर्यंत पायावर तसाच राहतो, आणि अंग टेकलं की पोटऱ्यांत वांब येतात. एवढं सांगून वर म्हणालीस, ‘चालायचंच.’ ते ‘चालायचंच’ मला टोचत राहिलं. आपल्या आईनंही हाच शब्द धरून पाय ओढत दिवस काढले. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी आपण दोघींनी पाहिल्यात, रात्री तेल लावताना हाताखाली आल्यात. तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं. आता मला थोडंफार कळतं, आणि तू माझी धाकटी आहेस, म्हणून सांगते. पटलं तर कर. पण आधी सगळं ऐकून घे.

तुझा दिवस मला ठाऊक आहे. पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात माल बघत उभी. टेम्पोतून गोण्या उतरेपर्यंत उभी. मग ओट्यावर मांडी घालून. मांडी अवघडली की पाय खाली सोडून. गर्दी झाली की पुन्हा उभी. सणावारी तर विचारूच नकोस. हरतालिकेच्या आदल्या दिवशी पत्री, दसऱ्याला झेंडू, संक्रांतीला सुगडं, बोरं आणि हरभऱ्याचे घाटे, मार्गशीर्षातल्या गुरुवारांची फळं. गणपतीत शारदा गणपतीच्या दर्शनाला लोटलेली गर्दी, आणि त्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत उघडा असलेला तुझा गाळा. या सगळ्यात पाय वर कधी जातात, सांग बरं? पहाटेपासून रात्रीपर्यंत ते खालीच.

आपल्या मंडईची ही दगडी इमारत १८८६ सालची. मधला अष्टकोनी मनोरा, उंच छप्पर, पुण्यात कुठूनही आलेला माणूस मान वर करून बघतो. आज तिला ज्यांचं नाव आहे त्या जोतीराव फुल्यांनीच नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ही गोष्ट वरचेवर आठवते. माल कुठे मांडायचा, छप्पर केवढं उंच घ्यायचं, याचा विचार करणारे पुष्कळ असतात. तो माल विकायला बसलेल्या बाईच्या पायांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतेय.

आता एक कर. तो तराजू बाजूला ठेव आणि उजवा हात खाली लोंबकळत सोड. असाच, सैल. थोडा वेळ थांब. बघ, हाताच्या पाठीवरच्या शिरा कशा फुगून वर आल्या. आता तोच हात डोक्याच्या वर धर. बघ बघ, शिरा दिसेनाशा झाल्या. औषध नाही, तेल नाही, फक्त हाताची जागा बदलली. तुझ्या पायांना दिवसभरात हीच गोष्ट मिळत नाही.

हृदय रक्त खाली ढकलतं, ते जोरात जातं. परत वर यायचं तर वाट चढाची. ती चढता यावी म्हणून पायांच्या शिरांमध्ये छोट्या छोट्या झडपा असतात, वरच्या दिशेलाच उघडणाऱ्या, आणि रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त एक टप्पा वर सरकतं. मागची झडप मिटते आणि ते खाली येत नाही. म्हणजे चालणाऱ्या माणसाचे पाय स्वतःच स्वतःची सोय लावतात. थांबलेल्याचं तसं होत नाही. नुसतं उभं राहिलं तर घोट्यापाशी शिरांतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो, आणि चालायला लागलं की तोच तिसाच्या आसपास उतरतो. आडवं पडून उठून उभं राहिलं तरी छातीतलं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. तिथेच ते तासन् तास रेंगाळलं की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपून मांसात साठतं. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून बघ, खळगा पडून तसाच राहिला तर ते हेच पाणी. झडपा वर्षानुवर्षं असा ताण सोसून सैल पडल्या की शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. आईचं तेच झालं होतं.

उपाय साधा आहे. रोज थोडा वेळ पाय हृदयाच्या वर न्यायचे आणि त्या वेळात दुसरं काहीही करायचं नाही. जमिनीवर पाठ, भिंतीला पाय. योगवाले त्याला विपरीत करणी म्हणतात.

हे काही आजचं फॅड नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत विपरीत करणी मुद्रांमध्ये सांगितली आहे: डोकं खाली, पाय वर. पहिल्या दिवशी क्षणभरच करावी आणि मग रोज थोडी थोडी वाढवावी, असं तिथेच म्हटलंय, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पांढरे केस जातात, असंही तिथे लिहिलंय, पण ते मी तुला सांगून भरीला पाडणार नाही. त्या जुन्या रीतीत कंबर उचलून हातांवर तोलायची असते. मानेवर, खांद्यांवर भार येतो. दिवसभर गोण्या ओढलेल्या बाईनं ते घरी एकटीनं करू नये. भिंतीशी करायचा सौम्य प्रकार आपल्याला हवा, आणि तो जगभर पोचला त्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला. वय अवघं अठरा. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं अंगावरून गेलेलं. शरीर दुबळं असणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यामुळेच असेल, आजारी, म्हाताऱ्या, ताठर शरीराच्या माणसांनाही आसन करता यावं म्हणून त्यांनी लोड, घोंगड्या, पट्टे, खुर्च्या, भिंत, दोर या सगळ्याचा आधार आसनांना जोडला. धडधाकट माणसाला जे ताकद लावून करावं लागतं, ते थकलेल्या माणसाला आधारावर शांत पडून मिळावं, हा त्यामागचा विचार. १९६६ साली त्यांचं ‘लाइट ऑन योग’ निघालं. मराठीत ते ‘योगदीपिका’ म्हणून आलं. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था, पत्नी रमामणींच्या नावाची, १९७५ पासून आहे. त्यांची मुलगी गीता अय्यंगार यांनी तर बायकांच्या शरीराचा वेगळा अभ्यास करून बायकांसाठी शिकवलं, लिहिलं. तिथे शिकायला माणसं समुद्रापलीकडून येतात. मंडईतून रिक्षा केलीस तर फार लांब नाही. आणि आपल्या ओट्यांवर बसणाऱ्या किती जणींपर्यंत यातलं काही पोचलंय? मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्यांना त्या भिंतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच तिचा पत्ता नाही.

तर आता तुझ्या घरातली भिंत शोधू. तुझ्या खोलीत एका बाजूला कपाट, एका बाजूला पलंग, एका बाजूला देव्हारा. देव्हाऱ्याच्या भिंतीला पाय लावायचे नाहीत, हे तू मला सांगायच्या आधीच मी धरून चाललेय. सासऱ्यांचा फोटो असलेली भिंतही नको. मन अवघडलं तर अंग सैल होत नाही. राहिली दाराशेजारची जागा, जिथे तू पाण्याची कळशी ठेवतेस. कळशी सरकव. खांद्याएवढी रुंद भिंत पुरे. तेवढीही मिळाली नाही तर कपाटाची बाजू चालेल, फक्त कपाट हलणारं नको.

खाली सतरंजी घाल. वर एक गोधडी, घडी करून. पहिले काही दिवस कमरेखाली काही घेऊ नकोस, नुसती सपाट पड. कपडे सैल कर. परकराची नाडी सोडून सैल बांध, पोटाला काच नको. साडीपेक्षा गाऊन किंवा सलवार बरी, पाय वर केल्यावर ओढाताण होत नाही. जोडवी रुतत असतील तर तेवढ्यापुरती काढ. सासूबाई काही बोलल्या तर माझं नाव सांग. अंबाडा सोड, नाहीतर मान तिरकी राहते.

आता भिंतीला काटकोनात नाही, भिंतीला समांतर बसायचं. उजवी कंबर भिंतीला चिकटली पाहिजे. गुडघे वाकवलेले. मग हात मागे टेकवून, डाव्या कुशीवर कलत कलत वळायचं आणि वळता वळताच पाय भिंतीवर चढवायचे. पहिल्यांदा गंमत होईल, कंबर भिंतीपासून हातभर लांब राहील. राहू दे. कोपरांचा आधार घेऊन थोडं थोडं सरकत जवळ ये. मांडीच्या मागचे स्नायू ओढले गेले, गुडघे सरळ होत नाहीत, तर उलट थोडी लांब सरक. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्यांचे हे स्नायू आखूड झालेले असतात. पाय भिंतीला तिरके टेकले तरी रक्ताला खाली यायला चढ लागत नाही, उतारच मिळतो. काटकोनाचा हट्ट नको.

मान बघ. हनुवटी छताकडे गेली असेल तर मानेखाली टॉवेलची एक घडी ठेव, म्हणजे कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. खांदे कानांपासून खाली सोड. तुझा उजवा खांदा नेहमी वर चढलेला असतो, तराजू धरून धरून. त्याला मनातल्या मनात सांग, आता वजन नाही. पाय सारखे दोन्हीकडे फाकत असतील तर मांड्यांभोवती जुनी ओढणी सैलसर बांध, म्हणजे पाय जवळ ठेवण्यासाठीसुद्धा जोर लावायला नको. डोळ्यांवर रुमालाची घडी टाकलीस तर आणखी बरं.

आणि मग काही करू नकोस. श्वास रोखायचा नाही, मोजायचाही नाही. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबतोय का, एवढंच बघ. उद्या कोणता माल भरायचा, उधारी कुणाची राहिली, हे डोक्यात येईल. येऊ दे, त्यावर हिशेब मांडू नकोस. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. मुलाला सांगून ठेव की आई झोपलेली नाही, पण आत्ता हाक मारायची नाही.

सुरुवातीला पाच मिनिटं. अंगाला सवय झाली की दहा, फार तर पंधरा. त्याहून जास्त नको. मध्येच पावलांना मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून तळवे एकमेकांना टेकव, मांड्या दोन्ही बाजूंना उघडू दे. नाहीतर गुडघे छातीशी घे. मुंग्या गेल्या की वाटलं तर परत वर. सहन करत पडून राहायचं नाही. सहन करायची सवय तुला भरपूर आहे, तिचा इथे उपयोग नाही.

उतरताना घाई नको. हे मी दोनदा सांगतेय असं समज. गुडघे वाकव, तळपाय भिंतीला टेकव, कंबर हलकेच भिंतीपासून मागे सरकव, उजव्या कुशीवर वळ आणि तिथे थोडा वेळ तशीच पडून राहा. मग हाताने जमीन ढकलत ऊठ, डोकं सगळ्यात शेवटी वर. एकदम उठलीस तर वर आलेलं रक्त झपकन खाली जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उठल्यावर दोन घोट पाणी पी.

काही दिवसांनी आणखी आराम हवासा वाटला तर कमरेखाली घट्ट घडी केलेली गोधडी घे, चार-सहा बोटं उंच. तिच्यात आणि भिंतीत चार बोटांची फट ठेव. बसायची हाडं त्या फटीत किंचित खाली उतरतात, पोट सपाट होतं, छाती आपोआप उघडते. ही फट महत्त्वाची. अय्यंगार पद्धतीच्या शिक्षकाकडे एकदा समोर बघून घेतलंस तर उत्तमच. पण त्यासाठी थांबू नकोस. सपाट जमिनीवरचं आजपासून सुरू होऊ शकतं.

अंगात काय होतं, तेही सांगते. पाय वर गेले की शिरांत तुंबलेलं रक्त उताराने परत येतं, हृदय नीट भरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब जाणणारी जागा असते. रक्त पुरेसं आलंय हे तिला कळलं की ती मेंदूला कळवते आणि हृदय सावकाश चालायला लागतं. दिवसभर ज्या ताणाने तू सावध असतेस, नाणी मोज, गिऱ्हाईक सांभाळ, पोरांवर नजर ठेव, तो ताण या वाटेनं उतरतो. म्हणून आधी पाय हलके होतात आणि मागोमाग मनही निवतं. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासूनच योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजून पाहायला सुरुवात केली होती, तेव्हा या गोष्टी तपासून बघण्याची परंपरासुद्धा आपल्या सह्याद्रीतलीच आहे. आणखी एक, पायांतलं साठलेलं पाणीही परत रक्तात येतं, ते मूत्रपिंडांकडे जातं, म्हणून थोड्या वेळाने लघवीला होते. घाबरू नकोस.

लघवीचा विषय निघालाच आहे तर बोलते. बाजारात बसणाऱ्या कितीतरी बायका स्वच्छतागृह लांब, गाळा सोडायचा कुणाच्या भरवशावर, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. तूही तेच करतेस. पाणी कमी प्यायलं म्हणून पायाची सूज कमी होत नाही, उलट लघवीची जळजळ मात्र मागे लागते. शेजारच्या गाळ्यावरच्या वहिनींशी पाळी ठरव, तिनं तुझा गाळा बघायचा, तू तिचा. त्या निमित्ताने चार पावलं चालणं होईल, पोटरी आवळेल. आणि उभी असशील तेव्हा टाचा वर-खाली करत जा, गिऱ्हाईक भाव करत असताना कुणाला दिसणारही नाही.

आता खरी अडचण. मला माहितीय तू काय म्हणणार. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते, आणि दिवेलागणीला आडवं पडायचं नसतं. लक्ष्मी यायची वेळ, तेव्हा बाई लोळत पडलेली बरी दिसत नाही. सासूबाई बोलणार नाहीत कदाचित, पण बघतील. त्यांच्या मताचा मला आदर आहे. आपल्या आईनंही कधी त्या वेळी अंग टेकलं नाही. मग वेळ आपण बदलू. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मुलगा शाळेतून येऊन गाळ्यावर बसतो, तू घरी जेवायला जातेस. पण जेवल्याबरोबर हे करायचं नाही, दोन-तीन तास जाऊ द्यावे लागतात. म्हणून घरी पोचलीस की आधी भिंत, मग ताट. नाहीतर रात्री, देवाजवळ दिवा लागून झालाय, कुकर लावलाय, शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात. गॅसकडे दुसऱ्या कुणाला बघायला सांग. भाकऱ्या थापायच्या आधीच उरक, नंतर तुला कुणी सोडणार नाही.

आणि नवऱ्याला नीट सांग. चोरून करू नकोस. ‘माझे पाय सुजतात, मला रोज एवढा वेळ लागणार आहे,’ एवढं एकच वाक्य. तो गाळ्यावर गोण्या उचलतो, त्याची कंबर धरते तेव्हा तू त्याला शेक देतेस ना? मग त्यालाही कळेल. तुझ्या घरात तुझ्यासाठी कुणी पाच मिनिटं मागणार नाही, तुलाच मागायला हवीत. याबद्दल मला लाजू नकोस, आणि त्यांच्यापुढेही लाजू नकोस.

आता कधी करायचं नाही ते. हे कान देऊन ऐक, कारण तू शेजारच्या चार जणींना सांगणार आहेस, आणि त्यांच्यात कुणाला काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. काचबिंदू असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर नको. रक्तदाब फार वाढलेला असेल, गोळ्यांनीही ताब्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदय कमजोर आहे, आडवं पडलं की धाप लागते, उशा लावून झोपावं लागतं, अशा माणसानं तर मुळीच नाही, कारण पायांतलं पाणी एकदम हृदयाकडे आलं तर ते त्याला झेपत नाही. खूप ॲसिडिटी, घशाशी येणं, यातही अवघड जातं. पाय वर केले की पावलं पांढरी पडून दुखायला लागतात, खाली सोडले की बरं वाटतं, असं होणाऱ्याच्या शिरांची नाही, धमन्यांची तपासणी हवी. मधुमेह असलेल्यांनी, तंबाखूवाल्यांनी हे विशेष बघावं. गरोदरपणात निम्मे दिवस उलटले की पाठीवर पडून राहणं बरं नाही, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो. तेव्हा डाव्या कुशीवर पडून पायांत उशी घ्यायची. पाळीच्या दिवसांत कंबर उंच करायची नाही, असं गीता अय्यंगार शिकवत. त्या दिवसांत सपाट पडून पोटऱ्या पलंगावर किंवा खुर्चीवर ठेव, तेवढंच पुरे.

आणि एक खूण कधीही विसरू नकोस. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी गरम, लाल झाली, दाबली की दुखली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा भिंत नाही, तेल नाही, चेपणं अजिबात नाही. गाळा बंद करून त्याच दिवशी डॉक्टर. त्यात श्वास लागला, छातीत दुखलं, तर तासाचीही वाट बघायची नाही. दोन्ही पाय सकाळी उठल्यावरसुद्धा सुजलेलेच असतील, चेहराही भरून येत असेल, तर मूत्रपिंड, थायरॉईड, हृदय यांच्या तपासण्या करून घ्यायच्या. तुझी सूज सकाळी पूर्ण ओसरते असं तू म्हणालीस, म्हणूनच मी आज धीर धरून बोलतेय. तरी एकदा डॉक्टरांना पाय दाखवच. बिघडलेल्या झडपा भिंतीने दुरुस्त होत नाहीत. शिरा फुगल्या असतील तर घट्ट मोजे लागतात, कधी शस्त्रक्रिया लागते, आणि ते लवकर कळलेलं बरं. भिंतीनं जड झालेले पाय हलके होतात, सूज ओसरते, झोप लागते. यापेक्षा जास्त मी कबूल करत नाही.

गोधडी कोणती घ्यायची म्हणालीस ना? आईच्या लुगड्यांची शिवलेली जी तू पेटीत जपून ठेवलीस, ती काढ. जाड आहे, बसकी आहे, कमरेखाली नीट बसते. पेटीत ठेवून काय करणार?

आणि सासूबाईंना यात घे. तूच म्हणालीस की त्यांचेही घोटे सुजतात. त्यांना एकदम भिंतीशी नेऊ नकोस, त्यांचा रक्तदाब आहे. त्यांना सतरंजीवर पाठीवर निजव, पोटऱ्या पलंगावर ठेव, गुडघे वाकलेले, मानेखाली उशी. तेही डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, ॲम्लोडिपिनसारख्या, घोटे सुजतात. मग घरातले सगळे मीठ कमी करत बसतात आणि गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. पण डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन जा आणि घोटे दाखवा. गुरुवारी मी मोकळी आहे. तू गाळ्यावर बस, मी घेऊन जाते त्यांना. बघ, ती बाई केव्हाची दोडक्याचा भाव विचारतेय. दे तिला.